गेरू लावलेला भोपळा

एकदा एक पट्टीचा पोहणारा तरुण अंथरुणाला खिळला. ही गोष्ट मी त्या अंथरुणापासूनच सुरू करतो, कारण त्याआधीचे त्याचे पराक्रम त्या गावात कुणालाही विचारा, तिखटमीठ लावून सांगेल. नाव धोंडीराम. आईबापांनी नाव ठेवलं हे असं, आणि पोरगा निघाला पाण्यातला मासा! डोहावरच्या कड्यावरून तो सूर मारायचा तेव्हा काठावर बघ्यांची रांग लागायची. एका जत्रेच्या दिवशी टाळ्यांच्या नादात त्यानं भलत्याच जागी सूर मारला. पाण्याखाली खडक होता. कंबरेला जबर मार बसला आणि डावा पाय कायमचा लुळा पडला.

अकरा महिने तो पडून होता. धड बोलायचा नाही, धड जेवायचा नाही. त्याला लहानपणी पोहायला शिकवणारे वृद्ध वस्ताद रोज दुपारी येऊन उशाशी बसत. उपदेश करत नसत. सुतळी वळत बसत आणि गावातल्या बारीकसारीक गोष्टी सांगत. मंडळी, आजाऱ्यापाशी जाऊन 'धीर धर' म्हणणारे पुष्कळ असतात. नुसतं बसणारा एखादाच असतो, आणि खरा उपयोग त्याचाच होतो असा माझा अनुभव आहे.

एके दिवशी वस्तादांनी नदीपलीकडची गोष्ट सांगितली. पलीकडे दगडखाणीवर काम करणाऱ्यांची वस्ती होती. तिथली आठ मुलं पाटी डोक्यावर धरून उथळ जागेतून नदी ओलांडत आणि अलीकडच्या शाळेत येत. पूल म्हणाल तर सहा कोस वर. त्या आषाढात पाणी एकाएकी वाढलं आणि बसू नावाचा आठ वर्षांचा मुलगा वाहून गेला. त्याची थोरली बहीण यल्लू काठावर उभी होती, तिच्या डोळ्यांदेखत तो गेला. त्या दिवसापासून वस्तीतल्या आयांनी उरलेल्या सात मुलांना पाण्याकडे फिरकू दिलं नाही. त्यांची शाळा कायमची सुटली. पोरं खाणीत खडी फोडायला बसली.

धोंडीराम कुशीवर वळला. मग म्हणाला, "वस्ताद, त्यांना होडी का देत नाही कुणी?"

"कोण देणार? खाणीतल्या माणसांसाठी गावाचा हात लवकर सुटत नाही."

"मी मागितली तर?"

"तू?" वस्ताद म्हणाले. "अरे, तुला प्यायला पाणी हवं तर आईला हाक मारावी लागते!"

अकरा महिन्यांत धोंडीराम पहिल्यांदा हसला. आणि हसता हसता त्यानं काठी मागितली.

पंधरा दिवसांनी दोन काठ्यांवर भार देत, घामानं निथळत तो चावडीवर पोचला आणि त्यानं होडीची गोष्ट काढली. तिथं लाकडाच्या वखारीचे मालक बसले होते. माणूस दुष्ट नव्हता, पण चार लोकांत मोठेपणानं बोलायची त्यांना खोड होती. ते म्हणाले, "होडीला सागवान लागतं बाबा, नुसता कळवळा पुरत नाही. असं कर, तू ही नदी पोहून पलीकडे जा आणि पोहून परत ये. ज्या दिवशी येशील त्या दिवशी होडीचं सगळं लाकूड माझ्या वखारीतून!"

लोक हसले. धोंडीरामानं एक काठी भिंतीला टेकवली आणि हात पुढे केला. "ठरलं, शेटजी. शब्द द्या." आता एवढ्या लोकांत हात आखडता कसा घेणार? शेटजींनी शब्द दिला.

दुसऱ्या दिवसापासून वस्तादांनी त्याला पाण्यात उतरवलं, आणि इथंच त्याची खरी कसोटी लागली. त्या भागात नवशिक्याच्या पाठीला वाळवलेला कडू भोपळा बांधतात. आतून पोकळ, तोंड मेणानं बंद केलेलं. पोरगं चांगलं पोहायला लागलं की वस्ताद सर्वांसमक्ष ती दोरी सोडतात आणि घरचे गूळ वाटतात. 'ह्याचा भोपळा सुटला' म्हणजे हा आता जाणता झाला. धोंडीरामाचा भोपळा सहाव्या वर्षीच सुटला होता. पुढे कितीतरी वर्षं तो इतर पोरांना 'ए भोपळ्या' म्हणून चिडवत असे. आता कंबर वर उचलली जाईना, पाय लोंबकळत खाली जाई, तेव्हा वस्तादांनी त्याच्याच पाठीवर भोपळा आवळला. एवढा दांडगा गडी, पण रडला. खरंच रडला.

तरी तो पाण्याबाहेर आला नाही, हे लक्षात घ्या. नदीच्या वरच्या अंगाला, जिथं कुणी फिरकत नाही अशा वळणावर, तो रोज सकाळी उतरे. दोन्ही हातांनी पाणी ओढून ओढून खांदे सुजत. कार्तिकात पाणी गार पडलं तेव्हा लुळा पाय लाकडासारखा होई आणि वर काढल्यावर तासभर कळा मारी. पहिल्या महिन्यात दहा हात अंतर, दुसऱ्यात चाळीस. एकदा नाकातोंडात पाणी जाऊन तो इतका घाबरला की आठ दिवस नदीकडे बघवेना, आणि नवव्या दिवशी पुन्हा गेला. यल्लू आता खाणीत हातोडी चालवते, हे त्याला ठाऊक होतं. पौष संपता संपता तो दोनशे हात, म्हणजे नदीच्या रुंदीएवढं अंतर, जाऊन परत येऊ लागला, भोपळ्यासकट.

त्यानं शेटजींना दिवस कळवला, आणि आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, "वस्ताद, उद्या भोपळा नको."

वस्ताद एवढंच म्हणाले, "बरं."

सकाळी सगळा गाव घाटावर लोटला होता. हलगी कडाडत होती. शेटजी फेटा बांधून पुढे बसले होते. पलीकडच्या काठावर खाणीतली माणसंही आली होती, पण पाण्यापासून लांब, दगडांच्या ढिगावर. पोरांचे दंड आयांनी घट्ट धरून ठेवले होते. तेवढ्यात वस्ताद आले. त्यांच्या हातात तोच भोपळा होता, आणि आज त्याला सगळीकडून लालभडक गेरू फासला होता! त्यांनी तो पायरीवर बसलेल्या धोंडीरामाच्या उघड्या पाठीवर ठेवला आणि दोरी आवळायला घेतली.

गर्दीत हशा उसळला. कुणीतरी ओरडलं, "ए भोपळ्या!" शेटजी उठून उभे राहिले. "वस्ताद, हे पोरखेळ कशाला? भोपळा बांधून तर मीसुद्धा जाईन."

"चला की," वस्ताद म्हणाले. "दुसरा आणायला पाठवतो." शेटजी निमूटपणे खाली बसले.

धोंडीरामाचा चेहरा लाल झाला होता. तो दबक्या आवाजात म्हणाला, "सगळ्या गावासमोर माझी अब्रू काढता, वस्ताद? मी ह्याच्यावाचून जाऊ शकतो."

"जाशील कदाचित. कदाचित बुडशीलही. पण मी त्यासाठी बांधत नाहीये."

"मग कशासाठी? आणि हा गेरू?"

"गेरू पलीकडून दिसावा म्हणून." वस्तादांनी त्याची हनुवटी धरून मान पलीकडे वळवली. "ती पोरं बघ. उद्या होडी आली तर त्यातलं एक तरी तिच्यात पाय ठेवेल का? त्यांच्या आया ठेवू देतील? लाकूड शेटजी देतील रे, पण पाण्याची भीती कोण काढणार? तू मोकळ्या पाठीनं पार गेलास तर लोक टाळ्या वाजवतील. म्हणतील, हा माणूसच वेगळा. ती पोरंही तेच म्हणतील आणि घरी जाऊन खडी फोडतील. पण तुझी मोडलेली कंबर दिसली, हा भोपळा दिसला, तर त्यातलं एखादं म्हणेल, 'असला भोपळा मलाही मिळेल.' टाळ्यांसाठी एकदा सूर मारलास, त्याचं काय झालं ते तू जाणतोस. आज कुणासाठी उतरायचं ते तूच ठरव. दोरी तुझ्या हातात आहे, सोडायची तर सोड."

हशा अजून चाललाच होता. धोंडीरामानं दोन्ही हात वर उचलले आणि म्हणाला, "गाठ घट्ट मारा, वस्ताद."

तो उतरला. मध्यावर ओढ होती. ती त्याला खाली खेचू लागली, तेव्हा तो तिरका झाला आणि एकेक हात मारत, थांबून श्वास घेत, पुन्हा हात मारत पुढे सरकत राहिला. हलगीवाला वाजवायचं विसरला. हसणं कधी थांबलं ते कुणालाच कळलं नाही. पाण्यावर फक्त तो लाल गोळा हळूहळू लांब जाताना दिसत होता. पलीकडे पोचल्यावर त्याला उभं राहता येईना, काठ्या तर अलीकडेच राहिलेल्या. तो कोपरांवर सरपटत वाळूवर आला आणि तिथंच धापा टाकत बसला.

दगडांच्या ढिगावरून कुणीच खाली येईना. शेवटी आईचा हात सोडवून यल्लू आली. पाण्यापासून चार पावलांवर थांबली. तिनं लांबूनच विचारलं, "हा भोपळा नसता तर तू बुडला असतास?"

त्याच्या मनात काय काय येऊन गेलं असेल! पण तो म्हणाला, "हो. बुडलो असतो."

यल्लूनं जवळ येऊन भोपळ्याला हात लावला. "मग आमच्या बसूला का नाही बांधला कुणी?"

मंडळी, ह्याचं उत्तर तुमच्याआमच्याकडे कुठं आहे? धोंडीरामानं मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी लपवलं नाही. यल्लू त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, "मला बांध."

त्यानं दोरी सोडली आणि भोपळा तिच्या पाठीला बांधला. बसल्या बसल्याच सरकत तो तिला घेऊन पाण्यात शिरला. आधी घोटाभर, मग गुडघाभर. तिनं त्याचा खांदा घट्ट धरला होता. कमरेएवढ्या पाण्यात तिचे पाय सुटले आणि ती तरंगली. पहिल्यांदा किंचाळली, आणि मग हसली. ते हसणं ऐकून बाकीची पोरं आयांचे हात झटकून धावत आली. सात पोरं आणि भोपळा एक! जो तो म्हणे, आता माझी पाळी.

इकडे ऊन चढलं. घाटावर लोक खोळंबले होते. कुणीतरी हाका मारल्या तेव्हा धोंडीरामानं दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडून सांगितलं, "मी आज परत येत नाही! भोपळा रिकामा नाही!"

सगळ्यांच्या नजरा शेटजींकडे वळल्या. शेटजी उठले. फेटा काढून त्यांनी काखेत धरला आणि पाण्याच्या कडेला येऊन वस्तादांशेजारी उभे राहिले.

"वस्ताद, मी पोहून जाऊन परत यायचं म्हटलं होतं."

"होय."

"तो तर परत येत नाही म्हणतो."

"नाही येत." वस्ताद धोंडीरामाच्या काठ्या गोळा करू लागले. होडी हातची गेली, असंच त्यांना वाटलं असणार.

पलीकडे यल्लू धाकट्या एका पोराला भोपळा बांधत होती. गाठ तिला जमत नव्हती, तरी ती कुणाला हात लावू देत नव्हती. शेटजी डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून बघत राहिले. मग मागे वळून आपल्या मुनीमाला म्हणाले, "वखार उघडा आणि सुताराला बोलावून आणा. होडी केल्याशिवाय हा पोरगा अलीकडे येणार कसा?"