मार्गिणीची पहिली दृष्टी

त्रेतायुग उतरणीला लागले होते आणि देवांना अजून पृथ्वीवर येण्याजाण्याचा कंटाळा आला नव्हता, त्या काळी हिमवान पर्वताच्या दक्षिणेस आपले भारतवर्ष आणि उत्तरेस, हेमकूटाच्या अलीकडे, किंपुरुषवर्ष असे दोन देश एकमेकांच्या शेजारी नांदत होते. दोहोंमध्ये शंखद्वार नावाची एकच खिंड होती. त्या खिंडीतून दक्षिणेचे धातू आणि घंटा वर जात, उत्तरेची लोकर, वनौषधी आणि सुगंधी धूप खाली येत. पण वस्तू नेल्याने विद्या जात नाही, हे दोन्हीकडच्या ज्ञात्यांनी ओळखले आणि एक रीत घातली. इकडचे एक अपत्य तिकडे बारा वर्षे विद्येसाठी राहावे आणि तिकडचे इकडे. तेही पाहुणे म्हणून नव्हे, तर घरचे लेकरू म्हणून. ही रीत घालताना मुलांच्या आयांना कोणी विचारल्याचे मात्र कुठे सांगितलेले नाही.

मंदस्रवा नदीच्या तीरी, देवदारांच्या दाट सावलीत, आचार्य ताम्रायणांचा आश्रम होता. अन्य आश्रमांत सामगायनाने पहाट होई, इथे भात्यांच्या फुत्काराने. आणि मृगशावकेसुद्धा ठिणग्यांना न बुजता मुशींच्या उबेला येऊन बसत. मेणाची मूर्ती घडवावी, तिच्यावर मातीचा लेप द्यावा, अग्नीने मेण वितळवून त्या पोकळीत पंचधातूचा रस ओतावा, ही विद्या ताम्रायणांइतकी कोणालाच साधली नव्हती. ती शिकण्यासाठी किंपुरुषवर्षातील महावैद्य शैलभानू यांची कन्या हेमपर्णा त्यांच्या घरी आली आणि त्याच दिवशी त्यांचा एकुलता एक पुत्र अंशुधर औषधिविद्येसाठी शैलभानूंच्या घरी गेला. आचार्यपत्नी कुमुद्वतीने एका मुलाला निरोप दिला आणि त्याच हातांनी दुसऱ्या मुलीचे पाय धुतले.

आठ वर्षे सरली आणि तुषारदंष्ट्र नावाचा असुर शंखद्वारातल्या एका गुहेत येऊन बसला. त्याने उग्र तपाने ब्रह्मदेवाकडून वर मिळवला होता, की ज्याने या जगात अद्याप काहीही पाहिलेले नाही, केवळ त्याच्या दृष्टीनेच आपल्याला मरण यावे. तान्ह्या बालकाला गुहेच्या तोंडाशी आणून डोळे उघडायला कोण लावणार, अशी त्याची अटकळ होती. खिंडीत पाऊल टाकणारा प्रत्येक पांथस्थ त्याच्या दाढेखाली गेला, आणि दोन्हीकडची लेकरे जिथल्या तिथे अडकली.

ताम्रायणांना मात्र उपाय दिसला. मूर्तीचे नेत्र सर्वांत शेवटी कोरतात. तोवर ती आंधळीच असते. त्यांनी चार वर्षे खपून मार्गांची देवता मार्गिणी हिची मूर्ती ओतली. तिच्यासाठी लागणारे सारे मेण हेमपर्णेने आपल्या हाताने मळले होते. असुर मध्यान्ही झोपतो, तेव्हा मूर्ती गुहेच्या तोंडाशी उभी करावी, मागून सुवर्णशलाकेने तिचे नेत्र उघडावेत आणि ती पहिली प्रखर दृष्टी सरळ असुरावर पडावी, असे ठरले.

त्या दिवशी कुमुद्वतीही खिंडीपर्यंत आली. बारा वर्षांनी लेक येणार म्हणून तिने तिळाचे लाडू बांधून आणले होते. आचार्य मूर्तीच्या पाठीशी उभे राहिले, डाव्या हातात आरसा धरून त्यात पाहत उजव्या हाताने शलाका चालवू लागले. मूर्तीचे डोळे उघडताना तिच्यापुढे कोणी उभे राहू नये, हे दक्षिणेत शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. आणि म्हणूनच, बारा वर्षांत आचार्यांनी हेमपर्णेला धातूचे प्रमाण शिकवले, ध्यानमंत्र शिकवले, भट्टीचा रंग ओळखायला शिकवले. पण जे सर्वांना ठाऊक असते ते तिला सांगायचे राहून गेले.

किंपुरुषवर्षात रीत नेमकी उलटी. तिथे बालक डोळे उघडू लागले की ज्याने त्याला वाढवले त्याने लगबगीने त्याच्यासमोर जायचे, म्हणजे आपण परक्यांत आलो असे त्याला वाटत नाही. चार वर्षे जिचे अंग घडवले, तिने पहिल्यांदा डोळे उघडावेत ते एका झोपलेल्या असुराकडे, हे हेमपर्णेला पाहवेना. एकदा तोंड दाखवून बाजूला होऊ, अशा विचाराने ती मायेने हसत मूर्तीच्या पुढ्यात गेली, आणि त्याच क्षणी नेत्र उघडले.

ती किंकाळी न फोडताच खाली बसली. तिची पावले तापल्या तांब्यासारखी लाल झाली आणि तो दाह वर चढू लागला. तेव्हा मूर्तीतून मार्गिणी बोलली. तिच्या स्वरात क्रोध नव्हता, दुःख होते.

"ताम्रायणा, जागी होताच मी माझ्याच भक्ताला जाळले. माझी पहिली दृष्टी अजून हिच्या देहात आहे. ती काढून गुहेत टाकली, तर असुर भस्म होईल आणि मार्ग मोकळा होईल. पण तिच्यासवे हिचा प्राणही जाईल. ती इथेच विझवली, तर ही जगेल. पण ती पुन्हा पेटणार नाही. असुर जागा होत आहे. माग, काय मागतोस?"

आचार्यांनी पत्नीकडे पाहिले नाही. पाहिले असते तर आपल्या तोंडून शब्द फुटला नसता, असे ते पुढे सांगत. "हे देवी," ते म्हणाले, "ही दुसऱ्याची ठेव आहे, आणि चूक माझी आहे. विझव."

हेमपर्णा वाचली. असुराने डोळे उघडले, आपल्या मृत्यूची मूर्ती दारात पाहून तो भयाने गर्जला आणि त्याने दोन्ही शिखरे हिमासकट खिंडीत ओढून घेतली. मार्गिणीने उरलेल्या सामर्थ्याने त्याला त्या हिमाखाली जखडून टाकले; पण शंखद्वार बुजले ते बुजलेच.

परतीच्या वाटेवर कुमुद्वती एवढेच म्हणाली, "आपण मागितलेत ते योग्यच मागितलेत. मला विचारले असतेत, तर मी अयोग्य मागितले असते." त्यानंतर तीन वर्षे ती पतीशी कामापुरतेच बोलली. हेमपर्णेने एकदा धीर करून विचारले, "माते, माझा राग येतो का?"

"येतो," कुमुद्वती म्हणाली. "पान वाढले आहे, जेवायला बस."

पुढे कुमुद्वती वारली तेव्हा तिच्या चितेला अग्नी हेमपर्णेनेच दिला. त्या वर्षीच्या पितृपक्षात ती नदीवर आचार्यांपाशी आली. "आचार्य, माझे वडील आहेत की गेले, मला कळायला मार्ग नाही. असतील तर तर्पण करणे पाप, आणि नसतील तर ते तहानलेले राहतील. मी काय करू?"

आचार्यांनाही आपल्या पुत्राबद्दल तेच कोडे होते. ते पाण्यात उतरले. मग पितरांसाठी दक्षिणेकडे केलेले तोंड त्यांनी उत्तरेकडे वळवले, ओंजळ भरली आणि नाव-गोत्र न उच्चारता म्हणाले, "तिकडे जो कोणी आपल्या माणसाची वाट पाहत असेल, तो असो वा नसो, त्याची तहान भागो." हेमपर्णेनेही त्यांच्या शेजारी उभे राहून तशीच ओंजळ सोडली, आणि इतक्या वर्षांत जी कधी रडली नव्हती ती तिथे रडली.

तेव्हापासून मंदस्रवेच्या खोऱ्यात तर्पण आटोपले की एक ओंजळ उत्तरेकडे, नावावाचून सोडतात. पर्वतापलीकडेही कोणी दक्षिणेकडे तोंड करून अशी ओंजळ सोडत असेल का, हे सांगायला आजवर कोणी आलेले नाही.