कमळाची एकोणतीस पाने

शके सतराशे एकोणनव्वद, शरद ऋतू. धुक्यात पेंगणाऱ्या तळ्यावर, काठापासून एका ओळीत, कमळाची एकोणतीस पाने तरंगत होती. मुंगीची अंडी वाहत जाऊन शेवटच्या पानावर अडकली. तिने एकदा बेडकाला सापापासून वाचवले होते, म्हणून बेडकाने तिला पाठीवर घेतले. पण एकदा जितक्या पानांची उडी धरली, ती मध्येच बदलणे बेडकांत कमीपणाचे.

“दोन-दोन पानांनी जाऊ,” बेडूक म्हणाला. “नाहीतर तीन-तीन, पाच-पाच.”

“कसाही जा, दादा, शेवटची उडी तिसाव्या पानावर. तिथे नुसते पाणी.”

“सात?”

“पस्तिसावर बुडू. मधली कुठलीही उडी बुडवणारच. एकेक पान घे, नाहीतर एका उडीत एकोणतीस.”

“एकेक? बदके हसतील.”

“हसोत. माझी अंडी जातील.”

बेडूक एकेक पान चालला. बदके पोट धरून हसली. शेवटच्या पानावर त्याने मुंगीला अंड्यांपाशी उतरवले. उपकार फिटले.