पिसवांचे बिऱ्हाड

एकदा एका वैद्यबुवांच्या शिष्याला असे वाटू लागले की आपले शिक्षण आता पुरे झाले. असे वाटण्याचा एक काळ प्रत्येक शिष्याच्या आयुष्यात येतो आणि नेमके त्याच सुमारास गुरू परगावी गेलेले असतात. हे वैद्यबुवाही दूरच्या गावांतले रोगी पाहायला निघाले आणि जाताना औषधांची खोली शिष्यावर सोपवून गेले.

थोड्याच दिवसांत गावातला एक धान्याचा व्यापारी आपला कुत्रा घेऊन दारात आला. या गोष्टीतल्या माणसांची नावे मला ठाऊक नाहीत आणि ती लागणारही नाहीत. कुत्र्याचे नाव मात्र तांबू होते. उमेदीच्या काळात तांबूने व्यापाऱ्याचे कोठार राखले होते. आता तो म्हातारा झाला होता आणि पिसवांनी बेजार झाला होता. चार पावले चालला की मटकन बसे आणि मागच्या पायाने मान खाजवू लागे. व्यापारी म्हणाला, याने घरात पिसवा आणल्या आहेत; हा बरा झाला तर ठीक, नाहीतर याला घरात ठेवता येणार नाही. त्याच्या बायकोने तसे निक्षून बजावले होते.

शिष्याला हे काम अगदीच किरकोळ वाटले. त्याने कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने तांबूला न्हाऊ घातले. कुत्रा घरी गेला, रात्रभर शांत निजला आणि आठवडा उलटायच्या आत पुन्हा दारात उभा राहिला. मग शिष्याने करंजाचे तेल चोळले. त्यानेही थोडे दिवस बरे वाटले, आणि पुन्हा तेच. औषध लागू पडले नाही की ते कमी पडले असे समजायचे, ही नव्या वैद्याची नेहमीची वाट. शिष्याने सीताफळाच्या बिया वाटून दाट लेप केला. या बिया जहाल असतात. डोक्यातल्या उवांसाठी त्या लावताना बायका डोळ्यांवर फडके गच्च बांधतात. कुत्र्याच्या डोळ्यांचा विचार शिष्याला सुचला नाही. पिसवा मेल्या, पण तांबूची कातडी जागोजागी सोलवटली आणि एक डोळा लाल होऊन गळू लागला. एवढे होऊनही पुढच्या आठवड्यात तो मान खाजवतच होता.

व्यापाऱ्याने मग वैद्यकी पुरे केली. त्याच्या घरात अडचण दूर करण्याची एक रीत ठरून गेली होती. मागच्या वर्षी स्वयंपाकघरात रोज भांड्याला भांडे लागू लागले, तेव्हा सगळ्यांच्या मते त्याचे मूळ धाकटी सून होती. चार दिवस विसावा घे, असे सांगून तिला माहेरी धाडले. ते चार दिवस अजून संपले नव्हते. भांडी आपटणे मात्र थांबले नव्हते. आता सासू आणि थोरली सून एकमेकींच्या नावाने आपटत. आपटणारे हात बदलले आहेत हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. त्याच रीतीने तांबूला गाडीत घालून गावाबाहेरच्या मळ्यावर पोचवले आणि तो निजत असे त्या कोठाराशेजारच्या खोलीला कडी घातली.

खरी पीडा तिथून सुरू झाली. पिसवा माणसांना चावू लागल्या. कोठारात धान्य काढायला जाणाऱ्याच्या घोट्यांवर लाल गांधी उठत. व्यापाऱ्याची बायको देवपूजेला बसली तरी एका हाताने पोटरी खाजवी. व्यापारी तावातावाने शिष्याकडे आला. कुत्रा गेला, मग पिसवा कशा राहिल्या, हा त्याचा प्रश्न होता. शिष्याला पिसवांपेक्षा तो गळणारा डोळा आठवत होता आणि त्याला लाज वाटत होती.

वैद्यबुवा परतले तेव्हा शिष्याने काहीही हातचे न राखता सगळे सांगितले. बुवांनी ऐकून घेतले, प्रवासातले धोतर बदलून पांढरेशुभ्र धुतलेले नेसले आणि म्हणाले, चल.

व्यापाऱ्याच्या घरी जाऊन त्यांनी ती बंद खोली उघडायला लावली. भर दुपार होती, तरी खिडकी लावून घेतली. पितळेच्या परातीत पाणी ओतून त्यात रिठ्याचा फेस कालवला, मधोमध वाटी पालथी घातली आणि तिच्यावर पेटती पणती ठेवली. मग ते व्यापाऱ्याच्या बायकोकडे वळले आणि तिला व थोरल्या सुनेला म्हणाले की या खोलीत फुगडी घाला, चांगली दणदणीत.

घरातली सगळी माणसे बुवांच्या तोंडाकडे पाहू लागली. व्यापारी शिष्याच्या कानाशी पुटपुटला, साप साप म्हणून भुई धोपटण्याचा हा प्रकार दिसतो. शिष्यालाही क्षणभर वाटले की प्रवासात गुरूंना ऊन लागले असावे. पण वैद्याचा शब्द मोडायचा कसा? सकाळपासून एकमेकींशी धड न बोललेल्या त्या सासूसुनांना एकमेकींचे हात धरावे लागले. पहिले काही फेरे घुश्शातच झाले. मग पाय आपोआप ठेक्यात पडू लागले, जमीन दणाणू लागली आणि सुनेला हसू फुटले. तिचे पाहून सासूलाही आवरेना.

बुवा मात्र कोपऱ्यात उभे राहून आपल्या धोतराकडे पाहत होते. थोड्या वेळाने त्यावर एक काळा ठिपका उमटला, मग आणखी काही. हळूहळू जमिनीवरून तीळ तडतडावेत तसे काहीतरी उडू लागले. अंधारात उजेड एकच होता. त्याकडे झेपावलेल्या पिसवा परातीत पडत आणि फेसाच्या पाण्यात बुडत. बायका फुगडी सोडून बाजूला झाल्या.

व्यापाऱ्याच्या बायकोने धापा टाकत विचारले, "कुत्रा जाऊन इतके दिवस झाले. एवढ्या होत्या तरी कुठं?"

"इथंच होत्या," बुवा म्हणाले. "पिसू जेवते कुत्र्याच्या अंगावर, पण तिचं बिऱ्हाड घरात असतं. जमिनीच्या भेगांत, जुन्या गोणपाटाखाली, धुळीत. तिची पिल्लं तिथंच वाढतात आणि कोष करून गप्प पडून राहतात. पावलांचा हादरा बसला की त्यांना कळतं, कुणीतरी आलं. आजवर तांबू इथं निजत होता, म्हणून घरची सगळी पीडा तो एकटा अंगावर घेत होता. तुम्ही खाजवणाऱ्याला घालवलंत आणि चावणारे घरात ठेवलेत."

मग ते शिष्याकडे वळले. "आणि तू औषध कडक करत गेलास. जो आधीच सोसत होता, त्यालाच जाळलंस. रोग रेड्याला आणि औषध पखालीला."

शिष्याने मान खाली घातली. बुवा खाली बसले, गोणपाटांची थप्पी उचकटून पाहिली, जमिनीच्या भेगांतून बोट फिरवले आणि सहज विचारावे तसे विचारले की ही खोली पूर्वी कोण सारवत असे. जमीन एके काळी चांगली राखलेली दिसते. वर्षभरात मात्र इथे कुणाचा हात फिरलेला नाही.

थोरली सून सासूकडे पाहू लागली. शेवटी व्यापाऱ्याची बायकोच बोलली. "धाकटी सारवायची," ती म्हणाली. "गोणपाटंही तीच उन्हात टाकायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं."

बुवा उपचार सांगू लागले. गोणपाटे कडक उन्हात टाकायची, जमीन झाडून केर जाळायचा, भेगा बुजवून शेणात कडुनिंबाचा काढा कालवून सारवायचे. कोषातल्या पिसवा एकदम बाहेर येत नाहीत, तेव्हा एका दिवसात निभावले असे समजायचे नाही. महिनाभर तरी हेच पुन्हा पुन्हा करायचे. कुत्र्याला लेप मुळीच नको. बारीक दातांच्या फणीने रोज विंचरायचे आणि फणी रिठ्याच्या पाण्यात बुडवायची, एवढे पुरे.

मग त्यांनी दारात उभ्या असलेल्या गाडीवानाला तांबूची खबर विचारली. गाडीवान म्हणाला, "मळ्यावर तो खाजवत न्हाई आता. पण खातही न्हाई. गावाकडच्या वाटंला तोंड करून बसतो."

व्यापाऱ्याची बायको हे ऐकत उभी होती. मग पदर खोचत गाडीवानाला म्हणाली, "तांबूला घेऊन ये. आणि त्याला उतरवलंस की बैल सोडू नकोस. पुढं जायचं आहे."

कुठे, म्हणून व्यापाऱ्याने विचारले.

"धाकटीच्या गावाला. मी पण जाणार आहे. नुसती गाडी धाडली तर तिला वाटेल, खोली सारवायला बोलावलंय." एवढे बोलून ती थांबली आणि पुढे म्हणाली, "गाडी येईस्तोवर ही खोली मी सारवते."

थोरली सून न सांगता शेण आणायला गोठ्याकडे गेली.

परतताना शिष्याने विचारले की बुवांना त्या सुनेची हकिकत आधीपासून ठाऊक होती का. बुवा म्हणाले, "मी पिसवांबद्दल बोलत होतो बाबा. तिनं काय ऐकलं ते तिला ठाऊक." आणि ते पुढे चालू लागले. त्यांच्या धोतरावर अजून एक पिसू होती, ती त्यांनी चिमटीत धरून चिरडली.

घरी आल्यावर शिष्याने लेपाचे मडके लांब नेऊन खड्ड्यात पुरले. दुसऱ्या दिवशी फणी आणि वाडगा घेऊन तो एकटाच व्यापाऱ्याकडे गेला. दारातच शेणाचा आणि कडुनिंबाचा वास येत होता. ओसरीवर तांबू पडला होता. शिष्याला पाहताच तो उठला आणि मागे सरकत भिंतीला टेकला. शिष्य पुढे गेला नाही. तो खाली बसला, फणी बाजूला ठेवली आणि रिकामा हात पुढे करून वाट पाहू लागला. तांबूने पुष्कळ वेळ घेतला. मग जवळ येऊन तो हात नीट हुंगला आणि लेपाचा वास नाही अशी खात्री पटली, तेव्हा कुठे तो त्याच्यापाशी खाली बसला.