बारकीचा उंबरा

कांदळपाड्यात पाहुण्याआधी घरची म्हातारी जेवते आणि जेवून उंबऱ्यावर बसून राहते. पाहुणा ताटकळतो. त्याचा राग धरू नये, असे पाड्यातले धाकलूबाबा आल्यागेल्याला सांगतात. मग बारकीची गोष्ट सांगतात. तीही त्यांनी ऐकलेलीच.

एका वर्षी भात पिकले नाही. लोक रानातल्या कडूकंदावर जगले. कंदाने पोट भरते, पण त्यात विष असते. राख घालून उकडावा, काप करून टोपलीने वाहत्या ओढ्यात ठेवावा, तेव्हा ते उतरते. उतरले की नाही, हे बारकीची जीभ सांगे. घरोघरची टोपली तिच्याकडे येई. काप चघळून ती थुंके आणि म्हणे, "खा," नाहीतर, "अजून धुवा." म्हातारी पार थकली होती, पण दुसऱ्या कोणाच्या जिभेवर पाड्याचा भरवसा नव्हता, म्हणे.

उन्हाळ्यात तिच्या नातीला पाहायला सोयरे आले. ओढा आटत आलेला, काप पुरते धुऊन निघत नव्हते. त्या सकाळी सुनेने तांबड्या मुंग्यांची चटणी वाटली होती, डोळे मिटावेत अशी आंबट. बारकीने बोटभर चाटली. काहीच लागले नाही. मीठ चाटले. तेही लागेना. आदल्या दिवशी दोन घरांना आपण "खा" म्हणालो, हे आठवून तिने दारात येऊन त्या घरांकडे पाहिले. तिथली माणसे धडधाकट होती, ते दैव.

पाने मांडली गेली. पाहुण्यांना थांबवावे तर सोयरीक मोडणार, वाढावे तर विषाची भीती. बारकीने टोपलीतले काप घेतले आणि सगळ्यांदेखत पोटभर खाल्ले.

मुलाचा बाप म्हणाला, "या घरात पाहुण्याआधी म्हातारीलाच भूक लागते वाटतं."

ती उंबऱ्यावर वाट अडवून बसली. सुनेला म्हणाली, "माझी जीभ मेली, पोरी. आता पोटाला विचारते. सावली अंगणात उतरेपर्यंत मी बसलेली राहिले, तर वाढ."

सावली उतरण्याआधीच ती आडवी झाली. सांजेला गेली, असे सांगतात. मुलाच्या बापाने उपाशीपोटीच तिला खांदा दिला. सोयरीक मोडली नाही.

आता कंद क्वचितच शिजतो. आजही, ताटात दुकानचा तांदूळ असला तरी, म्हातारी आधी जेवते आणि उंबऱ्यावर बसते. धाकलूबाबा गोष्ट संपवून तिच्याकडे बघत राहतात. ती जरा बाजूला सरकली की पाने मांडतात.