उकिरड्यावरचे महाराज

दसऱ्याच्या आत उकिरडा हलला नाही, तर कुंभारवाडा हलवला जाईल, अशी दवंडी नगरात पिटली गेली. दसऱ्याला शेजारचे राजे येणार होते आणि ‘सर्वांत स्वच्छ राज्य’ हा मान राजा रूपसेनाला देणार होते. त्यांच्या वाटेवरच कुंभारवाडा आणि त्याला लागून अख्ख्या नगराचा उकिरडा. उकिरडा हलवायला कष्ट पडतात. कुंभार हलवायला दोन शिपाई पुरतात.

गोजरी कुंभारणीनं दवंडी ऐकली आणि फिरतं चाक थांबवलं. त्याच उकिरड्याखाली त्यांची मातीची खाण गाडली गेली होती. माती लांबून आणावी लागायचीच, आता घरही जाणार! ती चिखलाच्या हातांनीच दरबारात गेली.

"महाराज, उकिरडा मी हलवते. मग कुंभारवाडा हलायचा नाही."

रूपसेनानं तिच्याकडे पाहिलंही नाही. समोर चित्रकार बसला होता आणि मान वळवली की नाक बिघडत होतं.

"हलव की. फक्त जाळायचा नाही, धुरानं माझी चित्रं काळी पडतात. नदीत सोडायचा नाही, तिथं मी पोहतो. पुरायचा नाही, पावसात वर येतो. आणि हद्दीबाहेर तर मुळीच नाही, पाहुणे तिकडूनच येणार."

"मग खाऊन टाक," प्रधानजी म्हणाले, आणि दरबार खिदळला.

"खायचं काम तुमच्याकडे आहे, प्रधानजी," गोजरी म्हणाली. "मी मडकी करते."

या वेळी दरबार खिदळला नाही. खोकला मात्र पुष्कळांना आला.

घरी तिचा बाप राणबा गाढवावर बोचकी लादत होता. ते न बघता ती उकिरड्यावर चढली आणि डोकं धरून बसली. समोरून महाराज तिच्याकडे पाहून हसत होते. डावीकडूनही हसत होते.

त्याचं असं होतं, की रूपसेनाला स्वच्छतेचं भारी वेड. म्हणजे स्वच्छतेच्या फलकांचं. चौकाचौकात कापडी फलक, त्यावर हाती कोरा झाडू धरलेले महाराज. अभियानात वाटलेल्या लाडवांच्या द्रोणांवर महाराज, पताकांवर महाराज, मातीच्या पेल्यांवरही महाराज. पेल्यांवर त्यांच्या तोंडाचे सागवानी छापे मारून गोजरीचाच खांदा भरून यायचा. समारंभ संपला की सगळं गाड्या भरभरून इथं ओतलं जाई. स्वच्छतेचं अभियान सुरू झाल्यापासून उकिरडा दुप्पट झाला होता.

तेवढ्यात एक गाय समोरचा फलक चघळू लागली आणि गोजरी ताडकन उठली.

मागं एका बैलानं असाच फलक खाल्ला होता. आपला अर्धा चेहरा बैलाच्या तोंडात पाहून महाराजांनी हुकूम काढला होता: राजाची छबी असलेली वस्तू ज्याला जमिनीवर पडलेली दिसेल, त्यानं ती डोक्यावर घेऊन वाजतगाजत राजवाड्यात पोचवावी. द्वारपालानं मुजरा करून आत घ्यावी. कुचराई करील त्याला फटके. हुकमाचा दगड वेशीत उभा होता. लोक त्याला म्हशी बांधत.

"आबा, बोचकी सोडा," ती ओरडली. "टोपल्या काढा. आणि हलगीवाल्यांना बोलवा!"

दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली. पुढं हलगी, सनई. मागं डोक्यावर टोपल्या घेतलेला कुंभारवाडा. टोपल्यांतून फाटके महाराज, तुंबलेल्या गटारातून काढलेले महाराज, खरकट्यानं माखलेले महाराज. गोजरी वाटेत एकेकाला वेशीतल्या हुकमाची आठवण करून देत होती, त्यामुळं फटक्यांच्या भीतीनं अर्धं नगर टोपल्या घेऊन धावलं.

द्वारपालानं नाकाला फडकं लावलं.

"हे आत न्यायचं?"

"नाही म्हणतोस का, दादा?" गोजरीनं गोड विचारलं.

तो प्रत्येक टोपलीला मुजरा करत राहिला. संध्याकाळी त्याला दोघांनी धरून सरळ केलं.

खाली उरलं ते कुजून काळंभोर झालेलं खत. ते हळदीच्या मळ्यांसाठी शेतकरी भांडून भांडून घेऊन गेले. खाणीची लाल माती उघडी पडली.

राजवाड्याचं अंगण मात्र सज्ज्यापर्यंत भरलं. रूपसेन नाक दाबून सज्ज्यात आला.

"पोरी, हे काय आणलंस?"

"आपल्यालाच आणलं, महाराज. सगळीकडून."

"मी उकिरडा हलव म्हटलं होतं!"

"हलवला. जाळला नाही, पुरला नाही, नदीत सोडला नाही, हद्दीबाहेर नेला नाही. ज्याचं तोंड त्यावर होतं, त्याच्या घरी पोचवला. आता नको असेल तर जमिनीवर टाका. पण ज्याला दिसेल तो पुन्हा वाजतगाजत घेऊन येईल."

महाराजांनी खाली पाहिलं. एका फलकावर त्यांच्या कोऱ्या झाडूवर कावळा बसला होता. आधी त्यांच्या मिशा हलल्या, मग पोट हललं, आणि मग ते कठड्याला धरून इतके हसले, की प्रधानजींनाही नाइलाजानं हसावं लागलं.

कुंभारवाडा जागेवर राहिला, खाण कुंभारांच्या नावावर झाली. अंगण साफ करायचं काम, दसऱ्याच्या आत, प्रधानजींना मिळालं, अटी त्याच.

"आणि तुला स्वतःला काय हवं?" राजानं विचारलं.

"तुमच्या तोंडाचे लाकडी छापे, महाराज. सगळेच्या सगळे."

"कशाला गं?"

"भट्टी लावायचीय. सागवानावर मडकी छान भाजतात."

राजा पुन्हा हसायला लागला, आणि छाप्यांची पहिली गाडी त्यानं स्वतः हाकून कुंभारवाड्यात आणली.