आजचा बांगडा

माशासोबत कोणती वाईन प्यावी, हे पारसनीस साहेब भेटेल त्याला शिकवत. मालवणात पर्यटकांना कोणाच्या घरी जेवायला पाठवायचं, हेही तेच ठरवत. त्यामुळे ते शेवंतीबाई तांडेलांकडे पारख करायला आले, तेव्हा घरात सगळ्यांनाच धाकधूक होती.

साहेबांनी पांढऱ्या वाईनची बाटली ताटाशेजारी ठेवली. बांगड्याच्या कालवणाचा झणझणीत वास आला, तशा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"एवढं तिखट? वाईनची चवच मरेल. पाच वर्षं जपलीय मी ही. कालवण ठेवून द्या, दुसरं काहीतरी सौम्य करा."

सगळे शेवंतीबाईंकडे बघू लागले. त्या शांतपणे भात वाढत होत्या.

"पाच वर्षं थांबली ना साहेब, मग आणखी एक दिवस थांबेल. उद्या तिचं बघू. हा बांगडा आज पहाटे जाळ्यात आलाय, त्याला उद्या नाही. आमच्याकडे ज्याला थांबता येत नाही, त्याचा मान आधी."

साहेबांनी बाटली न उघडताच पिशवीत ठेवली आणि भात कालवला.

जेवून उठल्यावर त्यांनी यादीत तांडेलांचं नाव लिहिलं. "उद्या काय करताय मग?"

"आज कसं सांगू? उद्याचा मासा अजून समुद्रात आहे."