बयोआजीचा शेवटचा घास

जेवताना माझ्याकडे बघून कोण हसत होतं रे? मला सगळं दिसतं. आता गप पडा, पाय पांघरुणात घ्या आणि ऐका.

एका डोंगरात लहानशी वाडी होती. तिथं सोनकी नावाची पोर राहायची. आई नाही, बाप नाही. शेजारच्या बयोआजीनं तिला वाढवलं. बयोआजीच्या तोंडात एकही दात नव्हता, बरं का.

एकदा काय झालं, भर दुपारी सोनकीच्या अंगणात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. उन्हात उभा, पण सावली नाही. बयोआजी पडवीत वाल सोलत होती. तिचे हात थांबले.

“सोनके, मी यमाचा दूत,” तो म्हणाला. “चल. हुकूम आजच्या दिवसाचाच आहे. सूर्य बुडला की तो फुकट जातो, तेव्हा उशीर नको.”

सोनकीच्या तोंडचं पाणी पळालं. का नाही पळणार? तुमच्या ताईएवढी पोर ती.

“दादा, माझं करायचं खूप राहिलंय,” ती म्हणाली. “नंतर करू, नंतर करू म्हणत बसले. तीन गोष्टी तरी करू द्या.”

दूतानं वर पाहिलं. “सूर्य बुडायच्या आत उरक.”

मग सोनकी पळत सुटली. डोंगराच्या माथ्यावरून समुद्र दिसतो, तो तिला बघायचा होता. पायात काटे गेले, धाप लागली, मागं दूत. माथ्यावर पोचली तर लांबवर एक निळी रेघ चमकत होती. पण डोळे भरून बघायला सवड कुठली? सूर्य कलला होता.

मग ती विहिरीवर आली. वाडीतली मुलं तिथल्या उंबरावरून उड्या मारायची. सोनकीला पोहता यायचं, पण तेवढ्या उंचावरून उडी मारायचा धीर झाला नव्हता. ती फांदीवर चढली.

“जपून गं,” खालून दूतच म्हणाला. शहाणाच म्हणायचा.

तिनं डोळे मिटले आणि मारली उडी. वर आली तेव्हा हसत होती, रडतही होती.

मग राहिलं तिसरं. सोनकी लहानपणापासून दुसऱ्यांच्या पंगतीत वाढायची. एकदा तरी आपल्या अंगणात सगळ्या वाडीला जेवू घालायचं तिच्या मनात होतं. तिनं मडक्यात जपलेले तांदूळ काढले, बयोआजीचे वाल चुलीवर चढवले. बायका मदतीला धावल्या. पत्रावळी मांडून होईतो ऊन अंगणातून निघून गेलं होतं. एक पत्रावळ तिनं दूतासाठीही मांडली.

“मला वेळ नाही,” तो म्हणाला.

“दारातला माणूस उपाशी राहिला तर माझं तिसरं राहिलंच की, दादा.”

आता, त्या दूताला आजवर कुणी ‘बस, जेव’ म्हटलंच नव्हतं. तो दिसला की लोक दारं लावायचे. बिचाऱ्याला कसंसंच झालं. तो बसला, भराभर जेवला आणि उठायला गेला.

“बस खाली,” बयोआजी म्हणाली. “शेवटच्या माणसाचं होईपर्यंत आमच्या पंगतीतून कुणी उठत नाही. वाढणारीचा अपमान होतो.”

दूतानं पाहिलं. सगळ्यांचं जेवण झालं होतं. राहिली होती एकटी बयोआजी. ती एकेक वाल तोंडात टाकायची आणि हिरड्यांनी घोळवत बसायची.

सूर्य डोंगराला टेकला.

“आजी, आवरा.”

“दात नाहीत रे बाबा. सोनके, अजून भात वाढ.”

सोनकी वाढायला वाकली. अर्धा सूर्य गेला. दूत अर्धवट उठला, त्यानं सोनकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि परत बसला. बयोआजीनं शेवटचा घास घेतला. या गालातून त्या गालात, त्या गालातून या गालात. सूर्याची नुसती कड राहिली. माझ्या छातीत आत्ताही धडधडतंय. मग तीही कड गेली.

तेव्हा बयोआजीनं घास गिळला. “हं,” म्हणाली, “उठा आता.”

दूतानं हात धुतले. “हुकूम गेला. मला बोलणी बसणार,” तो म्हणाला. “पण जेवण छान होतं गं.” आणि तो निघून गेला. सोनकीनं बयोआजीच्या मांडीत डोकं खुपसलं आणि भोकाड पसरलं.

मग सोनकीनं ‘नंतर करू’ म्हणायचं सोडलं. समुद्रात पाय बुडवून आली, लग्न केलं, लेकरं वाढवली, सुखात राहिली. आता तिचेही दात पडलेत. ती जेवायला फार वेळ लावते. पंगतीत कोण कुणासाठी येऊन बसलंय, काय सांगावं? नातवंडं मात्र तिला हसतात.

उद्या हसाल का?

मग मिटा डोळे.